रोजच्या जेवणातील मीठ : कोणते आणि किती?

माळव्याच्या पठारावर वसलेले इंदूर शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. शहराच्या पंचक्रोशीत मिठागरे नाहीत, खाऱ्या पाण्याचे सरोवर नाही, की मिठाची खाणही नाही. असे असूनही येथील किराणा दुकानांत आज मिठाचे जेवढे प्रकार मांडलेले दिसतात, तेवढे कोकण किनाऱ्यावरील मिठागरांच्या गावांतही पूर्वी पाहावयास मिळाले नसतील. पुडीतील बारीक पांढरे मीठ, खडे मीठ, गुलाबी सैंधव, काळे मीठ आणि अलीकडे आलेले कमी सोडियमचे मीठ असे पाच प्रकार तरी सहज मिळतात. त्यांच्या किमतींत बरेच अंतर असते आणि प्रत्येकाविषयी काही ना काही गुण सांगितले जातात.

होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दोन प्रांतांच्या चवी एकत्र नांदतात. ताटाच्या वरच्या बाजूस मीठ व त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढण्याची मराठी रीत तेथे आहे. आणि सकाळच्या पोह्यांवर शेव व जिरावन मसाला भुरभुरण्याची माळवी रीतही आहे. नवरात्रात व एकादशीला शेंदेलोण, म्हणजेच सैंधव, वापरले जाते. साहजिकच गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो की, या सर्वांमध्ये आरोग्यास हितकर मीठ कोणते? महागडे गुलाबी मीठ घेतल्याने रक्तदाब टळतो काय? पुडीतील मीठ सोडून खडे मीठ वापरणे चांगले काय?

हा प्रश्न इंदूरपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील शहरांत व खेड्यांतही तो आज विचारला जातो. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, मिठाची निवड त्याच्या रंगावरून किंवा किमतीवरून करावयाची नसून दोन गोष्टींवरून करावयाची असते. पहिली गोष्ट म्हणजे त्या मिठात आयोडीन आहे की नाही. आणि दुसरी म्हणजे ते किती खाल्ले जाते. या उत्तरामागील कारणे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

टंचाईकडून अतिरेकाकडे

समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात मीठ नेहमीच बाहेरून येत असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ व धान्य वाहून नेणारे लमाण-बंजारा तांडे हा या वाहतुकीचा मोठा आधार होता. ‘लमाण’ हे नावच ‘लवण’ या शब्दावरून पडले असे मानले जाते. इंग्रजी अमलात मिठावर भारी कर बसविण्यात आला. हा कर चुकवून मीठ आत येऊ नये म्हणून १८६९ च्या सुमारास सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल लांबीची जकातीची रेषा आखलेली होती आणि तिच्यावर हजारो शिपायांचा पहारा असे. १८७९ मध्ये ही रेषा उठविण्यात आली, परंतु कर कायम राहिला. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून हा कायदा मोडला. त्याच वर्षी मे महिन्यात कोकणातील शिरोडा येथे महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी मिठाचा सत्याग्रह केला. मिठावरील कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला.

गरिबाच्या भाकरीबरोबर पुरेसे मीठ मिळावे, हा त्या काळचा प्रश्न होता. आज मीठ स्वस्त आहे व सर्वत्र मिळते. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतातील प्रौढ व्यक्ती दररोज सरासरी ८ ग्रॅम मीठ खाते. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ८.९ ग्रॅम, तर स्त्रियांच्या बाबतीत ७.१ ग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मात्र दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, अशी आहे. म्हणजे आवश्यकतेपेक्षा निदान दीडपट मीठ आपल्या पोटात जात आहे.

मिठाचे शरीरातील कार्य

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वजनाने पाहिल्यास त्यात सुमारे ४० टक्के सोडियम व ६० टक्के क्लोराइड असते. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, मज्जातंतूंमार्फत संदेश पोहोचविणे व स्नायूंचे आकुंचन घडवून आणणे या कामांसाठी सोडियम आवश्यक असते. म्हणून मीठ हे शत्रू नव्हे. अतिसारात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात, तेव्हा हेच मीठ जीव वाचविते. अशा वेळी क्षारसंजीवनीची पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी रुग्णास थोडे थोडे पाजावे, असे डॉक्टर सांगतात. मात्र हे प्रमाण चुकू देऊ नये.

जरुरीपेक्षा जास्त सोडियम शरीरात गेले की ते आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण वाढते व त्यांच्या भित्तींवरील दाब वाढतो. मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकण्याचा प्रयत्न करतात, परंतु वर्षानुवर्षे हा भार पडत राहिल्यास रक्तदाब कायमचा चढा राहू लागतो. त्यातून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. शेतात काबाडकष्ट करणारा धडधाकट माणूसही त्याला अपवाद नाही. म्हणून प्रौढ व्यक्तींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात अधूनमधून रक्तदाब तपासून घेणे हिताचे ठरते.

मीठ एक, नावे अनेक

भारतात तयार होणाऱ्या मिठापैकी फार मोठा वाटा एकट्या गुजरातचा आहे. समुद्राचे किंवा जमिनीखालील खारे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हाने आटविले की मिठाचे स्फटिक उरतात. हेच खडे मीठ होय. ते धुऊन, शुद्ध करून व बारीक करून त्यात आयोडीन मिसळले की पुडीतील मीठ तयार होते. ते मोकळे राहावे म्हणून ओल शोषणारा पदार्थ ठरवून दिलेल्या अल्प प्रमाणात त्यात घालतात.

सैंधव हे खनिज मीठ आहे. सिंधू नदीच्या प्रदेशात मिळणारे म्हणून त्यास सैंधव म्हणतात. पाकिस्तानातील खेवडा येथील खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तेथील मालाची आयात भारताने मे २०२५ मध्ये पूर्णपणे बंद केली. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यातही खनिज मिठाच्या खाणी आहेत. सैंधवाचा गुलाबी रंग त्यातील लोहाच्या अंशामुळे येतो.

काळे मीठ, ज्यास मराठीत पादेलोण असेही नाव आहे, ते मीठ हिरड्यासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांबरोबर भट्टीत तापवून तयार करतात. त्याचा उग्र वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो. इंदूरच्या जिरावन मसाल्यात जिरे, धने, बडीशेप, आमचूर, मिरची यांच्या जोडीला हेच काळे मीठ असते. हिवाळ्यात इंदूरच्या सराफा बाजारात रात्री तळलेले गराडू मिळतात, त्यांवरही अशाच मसाल्याची उधळण असते.

रंग, वास व चव यांत एवढी विविधता असली तरी या सर्वांचा मुख्य घटक एकच आहे. सैंधवातही वजनाच्या ९७ ते ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते. त्यात अनेक उपयुक्त खनिजे असतात हे म्हणणे खोटे नाही, परंतु त्यांचे प्रमाण किती, हे पाहिले पाहिजे. दिवसाकाठी ५ ग्रॅम सैंधव खाल्ल्यास त्यातील इतर सर्व खनिजे मिळून वजन भरते सुमारे ०.१ ग्रॅम. यापेक्षा कितीतरी अधिक खनिजे वाटीभर डाळीतून, पालेभाजीतून किंवा एका केळ्यातून मिळतात. तेव्हा खनिजांसाठी महाग मीठ घेण्याऐवजी तेच पैसे भाजीवर खर्च करणे शहाणपणाचे होय. ‘हे मीठ सौम्य आहे, कितीही खाल्ले तरी बाधत नाही’ अशा समजुतीने सैंधव किंवा काळे मीठ हात सैल सोडून वापरल्यास रक्तदाबावर होणारा परिणाम पांढऱ्या मिठासारखाच असतो.

या संदर्भात आयुर्वेदाचा दाखला नेहमी दिला जातो. चरकसंहितेत नित्य सेवन करण्यास योग्य अशा पदार्थांत सैंधवाचा समावेश आहे, हे खरे आहे. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण या तीन पदार्थांचा अतिरिक्त वापर करू नये असे बजावलेले आहे. आणि दुधाबरोबरसुद्धा मीठ खाणाऱ्या प्रदेशांतील लोकांचे उदाहरण देऊन अतिलवणाचे दोष वर्णिले आहेत. म्हणजे प्राचीन ग्रंथकारांनीही प्रकाराइतकेच प्रमाणास महत्त्व दिलेले दिसते.

आयोडीनचे महत्त्व

गळ्यातील अवटू ग्रंथी जो रस तयार करते, त्यासाठी आयोडीन लागते. शरीराची वाढ व मेंदूचा विकास या रसावर अवलंबून असतो. प्रौढ माणसाची आयोडीनची दैनिक गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम आहे. जन्मभराची गरज एकत्र केली तरी ती लहान चमचाभर भरेल. पण ही गरज रोज भागावी लागते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना आयोडीन अधिक लागते. ते कमी पडल्यास गळ्याला सूज येते, तिला गलगंड म्हणतात. परंतु गलगंड हा या उणिवेचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे, मूल मुके-बहिरे किंवा मतिमंद निपजणे हे तिचे अधिक गंभीर परिणाम होत. सौम्य उणिवेनेही मुलाची आकलनशक्ती कमी राहते. शाळेत ‘मठ्ठ’ म्हणून हिणविल्या जाणाऱ्या एखाद्या मुलाचा दोष त्याचा नसून त्याच्या आईच्या आहारातील उणिवेचा असू शकतो.

पाऊस व पूर यांमुळे जमिनीच्या वरच्या थरातील आयोडीन वाहून जाते. अशा जमिनीतील पिकांत आयोडीन कमी उतरते आणि ती पिके खाणाऱ्या माणसांत व जनावरांत त्याची उणीव निर्माण होते. समुद्रात आयोडीन असते, म्हणून समुद्राच्या खडे मिठात ते आपोआप असेल, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. उन्हात आटवून केलेल्या मिठात आयोडीन नगण्य असते. सैंधव व काळे मीठ यांतही ते वेगळे मिसळल्याखेरीज पुरेसे नसते.

स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आयोडीनयुक्त मिठाचा वापर सुरू झाला. भारतात या विषयातील पायाभूत काम हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात झाले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तेथील प्रदेशाचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ व एका विभागात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांनी पाहणी केली, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटलेले आढळले. या अनुभवाच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढील पाहण्यांत असे दिसून आले की, ही उणीव हिमालयाच्या पायथ्यापुरती नसून देशातील कोणतेही राज्य तिच्यापासून मुक्त नाही. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकात देशातील खाण्याचे सर्व मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. आयोडीन नसलेले साधे मीठ माणसांच्या थेट सेवनासाठी विकण्यास कायद्याने मनाई आहे. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे.

तथापि २०१८-१९ मध्ये झालेल्या देशव्यापी आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी कुटुंबे ७६.३ टक्केच आढळली. याचा अर्थ, जवळजवळ चार घरांपैकी एका घरात हे साधे संरक्षण पूर्णांशाने पोहोचलेले नव्हते.

येथेच शेंदेलोणाचा प्रश्न येतो. उपवासाच्या दिवसापुरते सैंधव वापरण्यात काहीच हरकत नाही. परंतु ते ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षभर वापरावयाचे ठरविले आणि त्यात आयोडीन मिसळलेले नसले, तर घरातील आयोडीनचा मुख्य स्रोतच बंद होतो. ज्या घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मुले आहेत, तेथे हा बदल विशेष धोक्याचा ठरतो. कारण गर्भावस्थेत मेंदूच्या वाढीत राहिलेली उणीव पुढे कोणत्याही औषधाने भरून काढता येत नाही. सैंधवच वापरावयाचे असल्यास पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असा स्पष्ट उल्लेख असलेलेच घ्यावे.

घरातील मिठाचा हिशेब

आपल्या घरी किती मीठ खाल्ले जाते, हे जाणून घेण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. मिठाची पुडी ज्या दिवशी फोडली, त्या दिवसाची तारीख तिच्यावर किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि ती संपेल तो दिवस पाहावा. चार प्रौढ माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २० ग्रॅम मीठ लागते. या हिशेबाने एक किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. तीच पुडी महिन्याभरात संपत असेल, तर दरडोई वापर ८ ग्रॅमच्या आसपास आहे असे समजावे. पाहुणे, लोणच्यासाठी घातलेले मीठ, वाया गेलेले मीठ यांची वजावट करावी लागेल, हे खरे. पण बाहेरच्या पदार्थांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात मुळीच आलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. लहान मुलांना याहून कमी मीठ पुरते, आणि एक वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात वेगळे मीठ घालण्याची आवश्यकता नसते.

वापर अधिक आढळल्यास तो एकदम अर्ध्यावर आणण्याचा अट्टहास करू नये. जेवण अळणी लागते म्हणून घरातील माणसे वरून मीठ घेतात आणि हेतू विफल होतो. दर आठवड्यास थोडे थोडे कमी करीत गेल्यास जिभेला काही आठवड्यांत नवी चव अंगवळणी पडते. लिंबू, कोकम, चिंच, जिरे, आले, कोथिंबीर यांनी पदार्थाची रुची राखता येते. भाकरीच्या व पोळीच्या पिठात तसेच भातात मीठ घालण्याची सवय असल्यास ती प्रथम सोडावी. ताटात वाढलेले मीठ ही आपली जुनी रीत आहे; ते चिमूटभरच वाढावे आणि चव पाहिल्याशिवाय अन्नात मिसळू नये.

न दिसणारे मीठ

स्वयंपाकात हात आखडला तरी शेव, फरसाण, पापड, लोणची, वेफर, बिस्किटे व तयार शेवया यांतून मीठ येतच राहते. इंदूर-रतलामकडील शेव देशभर प्रसिद्ध आहे. माळव्यात ती केवळ अल्पोपाहाराचा पदार्थ नसून जेवणातही असते. पोह्यांत घातलेले मीठ, त्यांवरील शेवेतील मीठ आणि शेवेवरील जिरावनातील काळे मीठ असे तीन थर एकाच बशीत जमतात. इंदूरच्या छप्पन दुकान परिसरास २०१९ मध्ये स्वच्छ खाद्यपदार्थ केंद्र म्हणून केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मान्यता मिळाली, ही गोष्ट अभिमानास्पद आहे. परंतु स्वच्छता आणि मिठाचे प्रमाण या दोन भिन्न बाबी आहेत. पोहे स्वच्छ जागी खाल्ले तरी जिरावन बेतानेच घ्यावे लागते.

मिठाखेरीज खाण्याचा सोडा व पापडखार यांतूनही सोडियम जाते. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. पापड, ढोकळा, भजी यांचा विचार करताना हे विसरू नये. बंद पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्यास अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे, असे समजावे. म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटातून दिवसाच्या मिठाचा पाचवा हिस्सा संपतो.

कमी सोडियमचे मीठ

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाचा वापर सुचविला आहे.

मात्र येथे सावधगिरी हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही व ते साचून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना गर्भवती स्त्रिया व मुले यांच्यासाठी नाही. म्हणून हे मीठ डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सुरू करू नये. घेतल्यास तेही आयोडीनयुक्त असल्याची खात्री करावी. मिठाच्या प्रकारांपैकी ज्यात सोडियम खरोखर कमी असते, असा प्रकार हाच. गुलाबी किंवा काळे मीठ नव्हे.

खरेदी व साठवण

मीठ घेताना बंद पुडीतीलच घ्यावे. पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द, उत्पादनाची तारीख व परवाना क्रमांक पाहावा. अनेक पुड्यांवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असते. ते आयोडीनयुक्त मिठाची खूण आहे. जनावरांसाठी किंवा कारखान्यांसाठी विकले जाणारे सुटे मीठ स्वस्त मिळते म्हणून स्वयंपाकात वापरू नये.

आयोडीन हे उष्णता, ओल व ऊन यांनी कमी होते. यास्तव मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे व कोरड्या चमच्याने काढावे. मीठ उन्हात वाळविणे किंवा तव्यावर भाजणे टाळावे. खडे मीठ पाण्याने धुऊन घेण्याची काही घरांतील पद्धतही सोडून द्यावी, कारण धुण्याबरोबर आयोडीनही वाहून जाते. स्वयंपाकात मीठ शक्यतो शेवटी घालावे. वर्षाचे मीठ एकदम भरून ठेवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांना पुरेल इतकेच आणावे.

शाळा व ग्रामपंचायतींचे साहाय्य

हा विषय लोकांपर्यंत नेण्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. विद्यार्थ्यांनी घरून चिमूटभर मीठ पुडीत बांधून आणावे व आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेवक यांच्या मदतीने चाचणी संचातील द्रावणाचा थेंब त्यावर टाकून पाहावा. मीठ निळे-जांभळे झाले तर त्यात आयोडीन आहे. रंग पालटला नाही तर नाही. ही चाचणी अर्ध्या तासात साऱ्या वर्गाची होते आणि तिचा निकाल मुले घरी जाऊन आपणहून सांगतात. चमचाभर मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून पाणी पांढरट गढूळ होते काय हेही पाहता येते; तसे झाल्यास मिठात खडूसारखी भेसळ असण्याची शक्यता असते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मिठाच्या पुडीचा हिशेब गणिताचा पाठ म्हणून देता येईल.

ग्रामसेवक व आरोग्य अधिकारी यांनी गावातील दुकानांत आयोडीनरहित मीठ खाण्यासाठी विकले जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. शालेय पोषण आहार, अंगणवाडी व वसतिगृहे येथील स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ योग्य प्रमाणात वापरले जाते काय, याची अधूनमधून पाहणी करावी.

मिठाविषयीची आपल्या समाजाची भावना फार जुनी आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हे आपल्याकडे सचोटीचे लक्षण मानले जाते. आता खाल्ल्या मिठाचा हिशेब ठेवणे हेही तितकेच आवश्यक झाले आहे. इंदूरच्या दुकानात असो वा गडचिरोलीच्या आठवडी बाजारात, कुटुंबाच्या आरोग्यासाठी मीठ निवडताना महाग पुडीची गरज नाही. साधे, आयोडीनयुक्त मीठ घ्यावे, ते झाकून ठेवावे आणि चौघांच्या घरात एक किलोची पुडी निदान ५० दिवस पुरवावी. एवढे केल्यास जन्माला येणाऱ्या बालकाच्या बुद्धीचे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हृदयाचे रक्षण एकाच बरणीतून होऊ शकते.